विश्लेषण : डायलिसिसच्या रुग्णांना ‘अस्वस्थ पायां’चा त्रास का होतो? तेलमालिशीचा उपयोग किती?

डायलिसिसवर असलेल्या अनेक रुग्णांची रात्र अंथरुणात कमी आणि घरातल्या घरात येरझारा घालण्यात जास्त जाते. पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळू लागते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावले टाकली की बरे वाटते, पण पुन्हा आडवे झाले की पुन्हा तेच सुरू. घरोघरी यावरचा पहिला उपाय म्हणजे तेल चोळणे. या उपायाच्या गेल्या काही वर्षांत रुग्णालयांत रीतसर चाचण्याही झाल्या आहेत. त्यातून काय हाती आले, मालिश कशी करावी आणि केवळ मालिशीवर थांबणे योग्य का नाही, याचा हा आढावा.

हा आजार नेमका काय आहे?

वैद्यकीय भाषेत याला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. मराठीत ‘अस्वस्थ पाय’ म्हणता येईल. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये या लक्षणांचे वर्णन केले होते. स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्यावर सविस्तर प्रबंध लिहिला आणि आजाराला आजचे नाव दिले. म्हणून त्याला ‘विलिस-एकबोम आजार’ असेही म्हटले जाते.

निदानासाठी रक्ताची किंवा स्कॅनची एकच अशी खात्रीची तपासणी नाही. रुग्णाच्या सांगण्यावरूनच तो ओळखावा लागतो. त्यासाठी पाच खुणा पाहतात. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते, ही पहिली. बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर त्रास वाढतो, ही दुसरी. चालल्यावर, पाय ताणल्यावर किंवा चोळल्यावर तो तेवढ्यापुरता कमी होतो, ही तिसरी. संध्याकाळी आणि रात्री तो जास्त जाणवतो, ही चौथी. आणि हे सारे पेटके, सूज किंवा सांधेदुखी यांसारख्या दुसऱ्या कारणामुळे होत नाही, ही पाचवी.

रुग्ण मात्र हे अशा शब्दांत सांगत नाहीत. पायात किडे चालल्यासारखे वाटते, हाडाच्या आत खाज सुटते, पोटऱ्यांना ओढ लागते, पाय कापून टाकावेसे वाटतात, अशा तऱ्हेने तक्रार येते. अनेकदा तर ती येतच नाही. ‘झोप लागत नाही’ एवढेच सांगितले जाते आणि झोपेची गोळी लिहून दिली जाते. यातील बऱ्याच रुग्णांचे पाय झोपेतही ठरावीक वेळाने झटके देतात. त्याची माहिती रुग्णापेक्षा शेजारी झोपणाऱ्याला अधिक असते.

पेटके, मुंग्या आणि अस्वस्थ पाय यांत फरक कसा ओळखायचा?

डायलिसिसच्या रुग्णाला पायांचे एकापेक्षा जास्त त्रास असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. डायलिसिस सुरू असताना किंवा संपताना पोटरीत गोळा येतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जोराची कळ येते, तो पेटका. शरीरातले पाणी कमी वेळात जास्त काढले गेले की असे होऊ शकते. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पाणी कमी पिणे आणि मशीनवर पाणी काढण्याचा वेग जपणे, हा त्यावरचा मुख्य मार्ग.

जुन्या मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. हा त्रास नसांचा. तो चालल्याने लगेच थांबत नाही आणि दिवसाही असतो. पायांच्या रक्तवाहिन्या आखडल्या असतील तर चित्र नेमके उलटे दिसते. चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबल्यावर बरे वाटते. अस्वस्थ पायांत थांबल्यावर त्रास होतो आणि चालल्यावर आराम पडतो. एवढा एक प्रश्न विचारला तरी बराच उलगडा होतो. अर्थात, एकाच रुग्णात यातील दोन-तीन त्रास एकत्र नांदू शकतात.

डायलिसिसच्या रुग्णांनाच तो जास्त का होतो?

पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार सर्वसाधारण लोकांमध्ये हा आजार साधारण ५ ते १० टक्क्यांना असतो. डायलिसिसच्या रुग्णांत हे प्रमाण बऱ्याच अभ्यासांत २० ते ३० टक्क्यांच्या घरात आढळते. म्हणजे एका पाळीत दहा खुर्च्यांवर दहा रुग्ण बसले असतील, तर त्यांतल्या दोघा-तिघांना तो असण्याची शक्यता धरावी लागते.

कारणांच्या मुळाशी लोह आहे, असे आज मानले जाते. हालचालींवर ताबा ठेवणारे डोपामिन हे रसायन मेंदूत तयार होताना लोहाची गरज लागते. मेंदूत लोह कमी पडले की डोपामिनचा व्यवहार बिघडतो. संध्याकाळनंतर डोपामिनची पातळी नैसर्गिकरीत्याच उतरते, म्हणून त्रासाची वेळही तीच असते. डायलिसिसच्या रुग्णांत लोहाची कमतरता वारंवार होते. मशीनच्या नळ्यांत आणि फिल्टरमध्ये दर वेळी थोडे रक्त अडकून राहते, तपासण्यांसाठी रक्त काढले जाते आणि आतड्यांतून लोह पुरेसे शोषले जात नाही. त्यात रक्तक्षय, रक्तात साचणारी टाकाऊ द्रव्ये आणि नसांचे विकार यांची भर पडते.

मूत्रपिंडाशी असलेले हे नाते प्रत्यारोपणानंतर स्पष्ट दिसते. नवे मूत्रपिंड नीट काम करू लागल्यावर अनेक रुग्णांचा हा त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीसा होतो. नुसते डायलिसिस मात्र तो पुरता घालवू शकत नाही.

दुर्लक्ष केले तर काय होते?

पहिला फटका झोपेला बसतो. झोप मोडली की दिवसा गळून गेल्यासारखे होते, चिडचिड वाढते, जेवणावरून मन उडते. नैराश्यही येऊ शकते. पण या रुग्णांच्या बाबतीत प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. डायलिसिससाठी साधारण चार तास एका जागी बसावे किंवा पडून राहावे लागते. पाय स्वस्थ राहत नसतील तर ते चार तास शिक्षा वाटतात. मग ‘आज अर्धा तास आधी काढा’ अशी विनंती होऊ लागते.

अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डायलिसिस वेळेआधी थांबवणे आणि अस्वस्थ पायांचा त्रास यांचा संबंध आढळला होता. असा तीव्र त्रास असलेल्या रुग्णांत पुढील अडीच वर्षांतील मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. पायांचा आजारच मृत्यूला कारण झाला, असा याचा अर्थ नाही. परंतु कापली गेलेली प्रत्येक अर्ध्या तासाची डायलिसिस शरीराला महागात पडते, हे उघड आहे. भारतात अनेक रुग्णांना खर्चामुळे किंवा अंतरामुळे आठवड्यातून तीनऐवजी दोनच वेळा डायलिसिस मिळते. त्यांच्यासाठी तर प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून उपचार मोफत मिळाले, तरी खुर्चीवर पूर्ण वेळ बसणे रुग्णालाच जमवावे लागते.

तेलमालिशीविषयी संशोधन काय सांगते?

या विषयावरच्या चाचण्यांचा मोठा वाटा इराणमधील आहे. तेथील नर्सिंग महाविद्यालयांतील संशोधकांनी डायलिसिस विभागांत लव्हेंडर, ऑलिव्ह अशा तेलांची मालिश करून पाहिली. त्रास मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची पट्टी त्यांनी घेतली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४० गुण. १० पर्यंत त्रास सौम्य, ११ ते २० मध्यम, २१ ते ३० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र, असे तिचे गणित आहे.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० रुग्ण होते. निम्म्यांच्या पायांना तीन आठवडे लव्हेंडर तेलाने हळुवार मालिश केली गेली, निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले गेले. सुरुवातीला दोन्ही गटांचे गुण सरासरी २२-२३ च्या आसपास, म्हणजे तीव्र गटात होते. तीन आठवड्यांनी मालिशीच्या गटाचे गुण १२ च्या आसपास उतरले, दुसऱ्या गटाचे जिथल्या तिथे राहिले. दहा गुणांचा हा फरक लहान नाही. मध्यरात्री उठून फिरणारा माणूस निदान काही रात्री सलग झोपू शकतो, इतका तो मोठा आहे.

गुण तेलाचा की हाताचा?

येथे थोडे थांबून विचार करावा लागतो. वरील चाचणीत ज्यांना मालिश मिळाली नाही त्यांना काहीच वेगळे मिळाले नाही. त्यामुळे फरक लव्हेंडरने पडला, चोळण्याने पडला की कोणीतरी आठवड्यामागून आठवडे आपल्या पायाशी बसले या दिलाशाने पडला, हे वेगळे काढता येत नाही. अस्वस्थ पायांच्या आजारात या दिलाशाचा वाटा मोठा असतो. औषधांच्या चाचण्यांत नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे गुणही सरासरी सहाच्या आसपास कमी होतात, असे अशा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे.

२०१९ मधील आणखी एका इराणी चाचणीने हा पेच सोडवण्याचा प्रयत्न केला. त्यात दोन्ही गटांना मालिश मिळाली. एका गटाला ऑलिव्ह तेलाने, दुसऱ्याला लिक्विड पॅराफिनने. कोणाला काय लावले जात आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते. ऑलिव्हच्या गटाला अधिक आराम पडला. म्हणजे तेलाचा काही वाटा असू शकतो. पण ही चाचणी अल्पकाळाची आणि थोड्या रुग्णांवरची होती. तेवढ्यावरून अमुकच तेल औषध आहे, असे म्हणता येत नाही.

चोळण्याचा उपयोग का होत असावा, याचे स्पष्टीकरण तुलनेने सोपे आहे. त्वचेवरचा दाब आणि स्पर्श यांचे संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचले की तेथून वर जाणारे त्रासदायक संदेश दबतात. लागलेली जागा आपण नकळत चोळतो, ती याच कारणाने. शिवाय मालिशीने स्नायू सैल पडतात, मन शांत होते, झोपेची तयारी होते. चोळल्यावर तात्पुरते बरे वाटणे ही तर या आजाराची ओळखच आहे. त्यामुळे हाताचा गुण खात्रीचा, तेलाचा गुण शक्यतेचा, असा निष्कर्ष आजच्या घडीला काढता येतो.

‘तेलाने रक्तातले विष बाहेर पडते’, ‘तळपायाला तेल जिरवले की किडनी सुधारते’ असे दावे जाहिरातींतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून होतात. त्यांना कोणताही आधार नाही. युरिया आणि पोटॅशियम काढण्याचे काम डायलिसिसच करते. तेल ते करत नाही.

मग कोणते तेल वापरावे?

घरात जे आहे आणि त्वचेला मानवते, ते. खोबरेल किंवा तिळाचे तेल पुरेसे आहे. डायलिसिसच्या रुग्णांची त्वचा बहुधा कोरडी पडते आणि खाज सुटते. खोबरेल तेलाने त्वचेचा ओलावा टिकतो, हा आणखी एक फायदा. महागड्या बाटलीची गरज नाही. मोहरीचे तेल काहींच्या त्वचेला झोंबते, तिळाच्या तेलाचीही एखाद्याला अ‍ॅलर्जी असते. म्हणून कोणतेही नवे तेल आधी पोटरीवर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस पाहावे. लव्हेंडरसारखे सुगंधी अर्क कधीही थेट त्वचेवर ओतू नयेत. ते खोबरेलसारख्या साध्या तेलात थेंबांनी मिसळूनच वापरायचे असतात.

दुखण्यावरचे बाम आणि गंधपुऱ्याचे तेल यांबाबत मात्र सावध राहावे. त्यात मिथाइल सॅलिसिलेट असते. ते त्वचेतून शरीरात शिरते आणि मोठ्या भागावर रोज चोळले तर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढवू शकते. असे तेल किंवा बाम वापरायचा असेल तर डॉक्टरांना आधी दाखवावा. आणि बाहेरून लावायचे तेल चांगले म्हणून त्याच नावाचा काढा, भस्म किंवा चूर्ण पोटात घेणे, ही वेगळीच जोखीम आहे. मूत्रपिंड काम करत नसताना असे काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

मालिश कशी आणि कधी करावी?

त्रास संध्याकाळनंतर वाढतो, म्हणून झोपण्यापूर्वीचा अर्धा तास सर्वांत सोयीचा. रुग्णाला उताणे किंवा टेकून बसवावे, गुडघ्याखाली उशी द्यावी. दोन्ही हातांना थोडे तेल लावून घोट्यापासून गुडघ्याकडे लांब, संथ हात फिरवावेत. दाब इतकाच असावा की रुग्णाला सुखावेल. रगडण्याची गरज नाही, पोटऱ्या मुठीने ठोकू नयेत. एका पायाला पाच ते दहा मिनिटे पुरतात. शेवटी तळपाय आणि बोटे हलकेच चोळावीत, घोटा वर-खाली करून पोटरी सावकाश ताणावी.

तेल कोमट करायचे असेल तर चोळणाऱ्याने ते आधी स्वतःच्या मनगटावर तपासावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या रुग्णाला चटका बसल्याचे कळत नाही, फोड दिसल्यावरच लक्षात येते. हीच गोष्ट गरम पाण्याच्या पिशवीची.

मालिश झाल्यावर तळपाय फडक्याने कोरडे पुसावेत. ही गोष्ट बारीक वाटते, पण महत्त्वाची आहे. हा रुग्ण रात्री उठून चालणार आहे. तेलकट तळव्याने फरशीवर घसरला तर मूत्रपिंडविकाराने ठिसूळ झालेले हाड मोडायला वेळ लागत नाही.

डायलिसिस सुरू असताना पायाला हात फिरवून घेता येतो, मात्र केंद्रातील परिचारिकेला किंवा टेक्निशियनला विचारूनच. रक्तदाब उतरत असेल, चक्कर किंवा मळमळ होत असेल तर त्या वेळी मालिश नको. तेलाचा हात फिस्च्युलाला, सुईच्या जागेला किंवा चिकटपट्टीला लागू देऊ नये.

घरात हे काम बहुतेक वेळा पत्नी, मुलगी किंवा सून करते. रुग्णाबरोबर तिचीही झोप मोडते. रात्री दोन वाजता उठून पाय चेपण्यापेक्षा झोपण्यापूर्वीची ठरलेली पंधरा मिनिटे दोघांनाही परवडतात. घरातल्यांनी वार वाटून घेतले तर आणखी चांगले. हात-कंबर साथ देत असेल तर रुग्णाने स्वतःही पोटऱ्या चोळाव्यात.

मालिश कोणी करू नये?

एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली, ती गरम किंवा लाल झाली, तर आत रक्ताची गाठ असू शकते. अशा पायाला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. पायावर जखम, फोड, जंतुसंसर्ग किंवा काळवंडलेली बोटे असतील तरी मालिश नको. जांघेत डायलिसिसचा कॅथेटर असेल किंवा मांडीत कृत्रिम नळी बसवली असेल, तर त्या पायाबाबत आधी विचारावे आणि त्या जागेपासून तेल दूर ठेवावे. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन देतात. त्यामुळे त्या दिवशी जोराने चेपल्यास निळे डाग उठू शकतात. ज्या हातावर फिस्च्युला आहे, तो हात कधीही चोळू किंवा चेपू नये.

मालिशीआधी किंवा बरोबर काय तपासायला हवे?

मालिशीचा सर्वांत मोठा तोटा मालिशीत नाही, तर त्यानंतर होणाऱ्या विसरण्यात आहे. रात्रीपुरते बरे वाटले की तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही आणि दुरुस्त होण्याजोगे कारण तसेच राहते.

त्यातले पहिले कारण लोह. हिमोग्लोबिन ठीक असले तरी लोह कमी असू शकते, म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन तपासण्या पाहाव्या लागतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत मूत्रपिंड निकामी झालेल्या आणि अस्वस्थ पायांचा त्रास असलेल्या रुग्णांचा स्वतंत्र विचार केला आहे. फेरिटिन २०० पेक्षा कमी आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास शिरेतून लोह देण्याचा विचार करावा, असे त्यात सुचवले आहे. डायलिसिस सुरू असताना मशीनच्या नळीतूनच हे लोह देता येते. वेगळी सुई लागत नाही. अंगात जंतुसंसर्ग असेल तर मात्र ते पुढे ढकलतात.

दुसरे कारण रुग्णाच्या औषधांच्या पिशवीतच असू शकते. खाजेसाठी किंवा सर्दीसाठी घेतलेल्या, झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या हा त्रास वाढवतात. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड तसेच नैराश्यावरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधेही वाढवतात. डायलिसिसच्या रुग्णाला खाज आणि मळमळ दोन्ही वारंवार होतात, त्यामुळे या गोळ्या घरात असतातच. झोप यावी म्हणून रात्री घेतलेली खाजेची गोळीच पाय चाळवत असेल, अशीही शक्यता असते. अशा गोळ्या स्वतःहून बंद न करता सगळी पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवावीत. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, तंबाखू आणि मद्य यांनीही काहींचा त्रास वाढतो. तंबाखू सोडण्यासाठी आणखी एक कारण म्हणून याकडे पाहता येईल.

औषधे आणि व्यायामाचा पर्याय किती उपयुक्त?

पूर्वी या आजारावर डोपामिनसारखे काम करणाऱ्या रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल या गोळ्या सर्रास दिल्या जात. सुरुवातीला त्या चांगला गुण देतात. पण काही महिने-वर्षांनी त्रास दिवसा लवकर सुरू होणे, हातांपर्यंत पसरणे, असा उलटा परिणाम दिसू लागतो. त्यामुळे नव्या सूचनांत त्यांचा नेहमीचा वापर टाळण्याकडे कल आहे. गॅबापेन्टिनला आता अधिक पसंती मिळते. मात्र हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला ते अगदी कमी मात्रेत आणि डायलिसिसनंतर देतात. शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची गोळी घेतली तर गुंगी, गोंधळ आणि तोल जाणे ओढवू शकते.

इराणमधील शिराझ येथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्वाने आठ आठवड्यांत फरक पडला होता. २०२५ च्या सूचनांतही त्याचा उल्लेख आहे. पण मूत्रपिंड काम करत नसताना या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने शरीरात ऑक्झलेट साचते. दुकानातून मोठ्या गोळ्या आणून चघळणे, हा त्याचा अर्थ नव्हे.

व्यायामाची बाजूही भक्कम आहे. ग्रीसमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा महिन्यांच्या चाचणीत काही रुग्णांनी डायलिसिस सुरू असताना पडल्या पडल्या सायकलचे पॅडल मारले, काहींनी रोपिनिरोल घेतले. दोन्ही गटांचा त्रास बराच उतरला. आपल्याकडील केंद्रांत पॅडलची सोय क्वचितच असते. तरी संध्याकाळी सपाट जागेवर संथ चालणे, खुर्चीत बसून घोटे फिरवणे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, एवढे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. हृदयविकार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

डॉक्टरांना काय सांगावे?

पुढच्या डायलिसिसला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. पाय हलवावेसे वाटतात ते दिवसा की रात्री? चालल्यावर बरे वाटते की वाढते? आठवड्यातून किती रात्री झोप मोडते? सध्या कोणकोणत्या गोळ्या, बाम, तेल आणि काढे चालू आहेत? शेजारी झोपणाऱ्याने पाहिलेले झटकेही त्यात लिहावेत. मालिश सुरू केली असेल तर पहिल्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी, त्रास दहापैकी किती हे नोंदवून ठेवावे. तेवढ्याने मालिश चालू ठेवायची की पुढचा उपाय पाहायचा, हे ठरवणे सोपे जाते.

तेलमालिश स्वस्त आहे, नीट केली तर निर्धोक आहे आणि तिने अनेकांना आराम पडतो. ती थांबवण्याचे कारण नाही. फक्त ती लोहाच्या तपासणीची, गोळ्यांच्या फेरविचाराची आणि पूर्ण चार तासांच्या डायलिसिसची जागा घेऊ शकत नाही. पायाला तेल लावण्याइतकेच, पायाची तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालणे गरजेचे आहे.